पत्त्यावर नसलेला रतनसिंग

हिंगोलीच्या बसस्थानकावरून ज्याने कधी गाडी धरली, त्याने रतनसिंग राठोडांचा आवाज ऐकलेला आहे. चौकशीच्या खिडकीत बसून त्यांनी उभी हयात गाड्या पुकारल्या. "औंढा नागनाथमार्गे परभणीला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे," एवढं ते म्हणाले की पेंगणारी माणसं गाठोडी उचलत, आया लेकरं कडेवर घेत, आणि उसाचा रस पिणारा अर्धा ग्लास तसाच ठेवून पळत सुटे. कुणी लग्नाला निघालेलं, कुणी मातीला, कुणी बाळंतिणीला बघायला. सगळ्यांना वाटेला लावलं ते या एका आवाजाने. आपल्या घरी येणारं माणूस मात्र त्यांना कधी पुकारता आलं नाही. तशी सोय खात्यात नव्हती.

निवृत्त झाल्यावर माणसाचा डबा, छत्री, उशी सगळं घरी येतं. तसा आवाजही घरी आला. पण घरी तो ऐकणारं कोणी नव्हतं. बायको जिवनबाई दोन वर्षांपूर्वी गेलेली, एकुलती लेक दिपा पुण्याला दिलेली. नर्सी नामदेवच्या रस्त्याला लागून त्यांचा तांडा, आणि तांड्याच्या पार शेवटच्या टोकाला त्यांचं घर. त्याच्या पुढे नुसतं तुरीचं रान आणि रानाच्या पुढे आभाळ. फंडाचे पैसे घालून त्यांनी घराला एक जादा खोली काढली होती, गुळगुळीत फरशीची, दिपा आली तर तिला म्हणून. ती खोली ते रोज झाडत आणि रोज तिला कुलूप लावत. कुलूप काहून, असं कोणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. उघडी खोली रिकामी दिसते. कुलूप लावलं की आत काहीतरी असल्यासारखं वाटतं.

एकटं माणूस हळूहळू स्वतःशी बोलायला लागतं. रतनसिंग पुकारायला लागले. "चुलीवरचा चहा सुटण्याच्या तयारीत आहे, प्रवाशांनी कपबशी घेऊन यावं." दारातली शेळी तेवढी मान वर करी. तिलाही कुठं जायचं नव्हतं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्याच्या तोंडाला एका रविवारी दिपाचा फोन आला. मे महिन्यात यायचं मनात आहे, पण निलमला ऊन सोसत नाही, असं तिचं म्हणणं. निलम म्हणजे रतनसिंगांची सहा वर्षांची नात. मागल्या उन्हाळ्यात आली तेव्हा दूध नासलं, तेच लेकराच्या पोटात गेलं, आणि तिसऱ्या दिवशी दोघी माघारी गेल्या. "एक फ्रीज असता बापू, तर आठ दिवस राहिले असते," असं दिपा सहज बोलून गेली. पाऊस पडला असता तर बरं झालं असतं, असं माणूस बोलतं तसं.

रतनसिंगांनी रिसीव्हर तोंडाजवळ धरला आणि जुन्या सवयीने पुकारलं, "फ्रीज येऊन राहिला."

फ्रीज कुठूनही येत नव्हता. पण संपाचे दिवस सोडले तर रतनसिंगांनी पुकारलेली गाडी लागली नाही असं कधी झालेलं नव्हतं, आणि म्हातारपणी ते नाव घालवायची त्यांची तयारी नव्हती.

हिंगोलीतल्या दुकानदाराने त्यांना एक भलाथोरला दोन दारांचा फ्रीज दाखवला. दार उघडताच गार वाफ तोंडावर आली, आणि रतनसिंगांना वाटलं, लांबून आलेल्या पाहुण्याने आपल्या दारात सुस्कारा टाकला. त्यांनी किंमत विचारली. ती ऐकल्यावर त्यांनी फ्रीजचं दार हळूच लावून घेतलं, उगाच दुकानदाराचा गारवा वाया जायला नको. हप्ते पडतील, पण व्याज लागेल, असं दुकानदार म्हणाला. रतनसिंगांचा बाप सांगून गेला होता की व्याज हा पाहुणा आपल्या आधी जेवायला बसतो आणि आपल्या नंतर उठतो. ते ऐकून दुकानदाराने आवाज खाली आणला आणि क्रेडिट कार्डाची गोष्ट काढली. तसलं कार्ड असेल तर सहा महिन्यांत फेडा, दमडी व्याज नाही. वधूपक्षाला न सांगायची गोष्ट मध्यस्थ जशी वरपक्षाला सांगतो, तसा त्याचा चेहरा झाला होता.

त्या दिवसापासून रतनसिंग बिनव्याजी कार्डाच्या शोधाला लागले. लेकीला स्थळ बघताना त्यांनी एवढी चौकशी केली नव्हती. स्थळं तीन निघाली. एका बँकेचं कार्ड निळं, एकीचं सोनेरी, एकीचं पांढरं. निळ्याला पन्नास दिवस व्याज नव्हतं. सोनेरीला सहा महिने नव्हतं, पण कसलासा मानपान आधी द्यावा लागत होता. पांढरं जन्मभर फुकट होतं, फक्त 'बिनव्याजी' या शब्दाच्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती.

सल्ला द्यायला पहिला आला फारुक. हा एसटीच्या वर्कशॉपमधला जुना मेस्त्री, आता स्टँडसमोर मोपेड दुरुस्त करायचा. हप्त्याची वस्तू त्याने आयुष्यात घरात आणली नव्हती. सूद घेणंही वाईट आणि देणंही वाईट, हा त्याच्या घरचा कायदा. त्याने तिन्ही कागद लांब धरून पाहिले आणि चांदणीवर काळं बोट ठेवलं. "रतनभाऊ, कागदावर चांदणी दिसली का समजायचं, खाली अंधार हाय." मग त्याने आणखी एक गोष्ट विचारली: हे लोक सूद घेत नाहीत ते बराबर, पण मग त्यांची लेकरं जेवतात काय? आणि जाता जाता असंही म्हणाला की दिवसाचे दहा-दहा तास लाईट जाऊन राहिली, अशा वक्ताला फ्रीज म्हणजे गोदरेजच्या कपाटाचा मामेभाऊ. कपडे ठेवले तर चुरगळणार नाहीत एवढंच.

हिंगोलीतले देविदास गुरुजी याच्या उलट, छापील शब्दावर विश्वास ठेवणारे. त्यांनी पेपरात वाचलं होतं की पन्नास दिवस म्हणजे पन्नास दिवस नसतात. बिलाच्या तारखेवर असतं. हे त्यांनी फळ्यावर आकृती काढून समजावलं आणि स्वतःच त्या आकृतीत अडकले. रतनसिंगांना मात्र ते झटक्यात कळलं. बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदी केली तर खिडकीची जागा. बिलाच्या आदल्या दिवशी केली तर दारात लोंबकळत प्रवास. एवढी साधी गोष्ट बँकेने एवढ्या कागदात का लिहावी, याचं त्यांना नवल वाटलं.

इथवर आल्यावर शहाण्या माणसाने निळं कार्ड घेतलं असतं आणि गोष्ट संपली असती. रतनसिंगांनी घेतलं नाही. त्याचं कारण त्यांनी फारुकलाही सांगितलं नाही.

कारण असं की तिन्ही बँकांच्या पोरी त्यांना फोन करत होत्या. निळ्या बँकेची औरंगाबादहून बोलायची, तिचं नाव आफिफा. सकाळी दहाला तिचा फोन यायचा. "राठोड सर, कसे आहात?" या पहिल्याच वाक्याला रतनसिंग भांबावले होते, हा प्रश्न त्यांना जिवनबाईच्या तेराव्यानंतर कोणी विचारला नव्हता. मग तिने जन्मतारीख विचारली, आईचं नाव विचारलं, शिक्षण, नोकरी, घर स्वतःचं का भाड्याचं. आईचं नाव सांगताना त्यांनी आईच्या हातच्या चुलीपर्यंत सगळं सांगितलं. पोरगी ऐकत राहिली. घरात माणसं किती, या प्रश्नाला ते थांबले. "एक," म्हणाले, "आन् एक खोली जादा." जादा खोलीसाठी तिच्याकडे रकाना नव्हता.

दुपारी सोनेरीचा फोन, संध्याकाळी पांढरीचा. रतनसिंग दाढी करून फोनपाशी बसू लागले. एका बँकेला हो म्हटलं की दोघींचे फोन बंद होणार, आणि कार्ड हातात आलं की तिसरीचाही. म्हणून ते विचार करतो म्हणत, लेकीला विचारून सांगतो म्हणत, अक्षय तृतीया होऊ द्या म्हणत. लग्न ठरवायचं नाही पण पाहुण्यांना पोहे खाऊ घालायचे, असला हा कारभार एप्रिलभर चालला. पण मे जवळ आला, आणि लेक काही बँकेच्या फोनने येणार नव्हती. एका सकाळी त्यांनी मन घट्ट केलं आणि आफिफाला सांगितलं, निळं.

ती म्हणाली, आता फक्त एक माणूस घरी येऊन जाईल. सर, तुम्ही खरंच तिथं राहता ना, एवढं बघायला.

घरी माणूस येणार. रतनसिंगांनी ओटा सारवून घेतला, जादा खोलीचं कुलूप काढलं, गव्हाची लापशी शिजवून तिच्यावर तूप सोडलं. बँकेचा असला म्हणून काय झालं, उन्हातान्हाचा येणार तो पाहुणाच. धुवट धोतर नेसून ते दारात बसले. बारा वाजले, चार वाजले, तुरीच्या रानावरून सावल्या लांब झाल्या. जिवनबाई दळताना एक ओवी म्हणायची, ती त्यांना उगाच आठवत राहिली:

लेक येईल म्हणून दार उघडं ठेविलं,
वाऱ्यानंच येऊन बाई, पानी पिऊन घेतिलं.

अंधार पडला तेव्हा त्यांनी लापशी शेळीपुढे ठेवली आणि खोलीला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी आफिफाचा आवाज उतरलेला होता. "सर, आमचा माणूस काल येऊन गेला. त्या पत्त्यावर तुम्ही राहत नाही, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. सॉरी सर. काळजी घ्या." फोन ठेवल्याचा आवाज आला, तरी रतनसिंग बराच वेळ रिसीव्हर कानाशी धरून उभे होते.

सोनेरी बँकेचंही तेच झालं. फक्त तिच्या माणसाला शेजाऱ्यांनी आणखी माहिती दिली होती: रतनसिंग नावाचा एक होता, पण तो गाव सोडून गेला.

हा घाव वर्मी बसला. शेजारी म्हणतात, राहत नाही. रतनसिंगांनी रागवायचा प्रयत्न केला, पण रात्री पडल्या पडल्या त्यांना वाटायला लागलं की शेजाऱ्यांचं चुकलं कुठं? जन्मभर पहाटेच्या गाडीने गेलो, रात्रीच्या गाडीने आलो. तांड्यात आपण झोपायला येत होतो; राहायला कधी आलो? कुणाच्या बारशाला जिवनबाई गेली, कुणाच्या भांडणात ती मधी पडली. ती राहत होती. आपण तिच्या पत्त्यावर उतरत होतो.

सरळ जाऊन कोणाला विचारावं, तर मान आडवा आला. मी इथं राहतो का हो, असं माणसाने कसं विचारावं? त्याऐवजी त्यांनी दिसायचं ठरवलं. सकाळ-संध्याकाळ छत्री घेऊन ते तांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरू लागले, आणि दर दाराशी थांबून खणखणीत आवाजात रामराम घालू लागले. जो माणूस वर्षानुवर्षं मान खाली घालून गेला, तो अचानक ओट्याओट्यावर हजेरी देतो म्हटल्यावर लोक चरकले. बाया एकमेकींच्या कानाला लागल्या. रतनसिंग पुढे गेले की मागे कुजबुज उठायची, आणि ते मागे वळले की सगळे आभाळाकडे बघायचे.

रहिवासी दाखल्यासाठी ते तलाठ्याकडेही जाऊन आले. तलाठी म्हणाला, लाईटचं बिल आणा. बिल जिवनबाईच्या नावावर होतं. मीटर घेताना रतनसिंग ड्यूटीवर होते. तलाठ्याने बिल उलटसुलट करून पाहिलं आणि सांगितलं की या कागदाप्रमाणे त्या घरात जिवनबाई राहते, तुम्ही नाही. तो नियमाचं बोलत होता. पण रतनसिंगांना ते खोटं वाटलं नाही.

राहिलं पांढरं कार्ड, चांदणीवालं. आता अंधार तर अंधार, म्हणून त्यांनी त्याला होकार दिला. तपासणीचा माणूस यायचा होता त्या दिवशी मात्र ते घरी थांबले नाहीत. रस्त्यावरून तांड्यात शिरतो तिथं एक लिंब आहे, आणि लिंबाखाली नानीबाई बसलेली असते. नानीबाई म्हणजे रतनसिंगांची चुलत बहीण, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठी. कवड्या लावलेली जुनी ओढणी, मनगटभर पांढऱ्या बांगड्या, आणि तोंडात दात मोजके पण जीभ शाबूत. तिच्यावरून गेल्याशिवाय तांड्यात वारासुद्धा शिरत नाही. रतनसिंग तिच्या शेजारी जाऊन बसले. ती थोडी सरकली.

दुपार कलायच्या वक्ताला मोटारसायकल आली. खांद्याला पिशवी, हातात फाईल, तोंडाला रुमाल. तो उतरला आणि नानीबाईला विचारता झाला, "आजी, रतनसिंग राठोड कुठं राहतात?"

नानीबाईने डोळे बारीक केले. "कोन रतनसिंग?"

"एसटीत होते. रिटायर."

"न्हाई बाबा. ह्या नावाचं मानूस ह्या तांड्यात न्हाई."

रतनसिंग उठून उभे राहिले. त्यांच्या कानांवर त्यांचा विश्वास बसेना. "मीच रतनसिंग राठोड," ते म्हणाले, आणि आवाज नेमका चोराचा आला.

तपासणीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, फाईलीकडे पाहिलं, मग नानीबाईकडे वळला. "आजी, हेच का ते?"

नानीबाईने रतनसिंगांना खालून वरपर्यंत न्याहाळलं, बैल विकत घ्यायचा असल्यासारखं. "ह्यो व्हय? ह्यो पाव्हना हाय. औंढ्याकडला. डोसक्याला ऊन लागलंय, म्हून बसवलंय सावलीला."

तेवढ्यात पलीकडच्या ओट्यावरून पद्माबाई तांब्या घेऊन आली आणि 'पाव्हन्याला' पाणी देऊन गेली, काही न विचारता. तपासणीवाल्याने फाईलीत काहीतरी लिहिलं, ते वाकून बघणाऱ्या रतनसिंगांपासून ती झाकली, आणि दुसऱ्याच्या नावाने कार्ड काढणं हा गुन्हा असतो काका, एवढं ऐकवून गाडीला किक मारली.

धूळ बसली. रतनसिंग म्हणाले, "बाई, तू मला वळखत न्हाईस?"

"तुजं नाव म्याच ठेवलंय."

"मंग काहून असं करून राहिली?"

नानीबाईने आधी आजूबाजूला पाहिलं. मग तिने सांगितलं ते असं की ती पोर होती तेव्हा असाच एक पिशवीवाला नावांची यादी घेऊन आला होता, आणि एका भोळ्या म्हातारीने बोट दाखवलं म्हणून तांड्यातली चार माणसं नेली ती परत आली नाहीत. रतनसिंगांचा बाप तेवढा वाचला, कारण त्याला ज्वारीच्या कणगीत बसवलं होतं. तेव्हापासून तांड्याचा नेम आहे: पिशवीवाल्याला माणूस दाखवायचं नाही. मग तो पोलीस असो, वसुलीवाला असो, नाही तर मतं मागणारा असो. आता एकामागून एक फाईलवाले येतात आणि एकट्या रतनसिंगाचंच नाव घेतात. रतनसिंग वेड्यासारखा दारोदार रामराम घालत फिरतो, म्हणजे निरोप घेत फिरतो, असंच सगळ्यांना वाटलं. काय करून बसला कोण जाणे. पण आपला आहे. म्हणून लिंबाखाली ती, पलीकडच्या ओट्यावर पद्माबाई, आणि रस्त्याच्या वळणावर बकऱ्या चारायच्या निमित्ताने तांड्यातला जगन, असा पहारा लागला होता.

रतनसिंग खाली बसले. गेला महिनाभर तांड्यात दुसरा विषय नव्हता, आणि तो विषय ते स्वतः होते. "आन् मला वाटलं," ते म्हणाले, "मी कोनाला दिसतच न्हाई."

"दिसतोस रं," नानीबाई म्हणाली. "म्हून तर लपवलं."

त्यांनी तिला कार्ड म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ते पैसे देतात, व्याज घेत नाहीत, फक्त माणूस राहतो का ते बघायला येतात. नानीबाईला हे ऐकून आपण केलं ते अगदीच बराबर केलं असं वाटलं. जो फुकट देतो त्याच्यापासून तर आणखीच लपवायला पाहिजे. पहारा उठवा, असं रतनसिंगांनी म्हणायला हवं होतं. ते त्यांच्या तोंडून निघालं नाही. आपल्यासाठी कोणीतरी उन्हात बसलंय, हे आणखी दोन दिवस असू द्यावं असं त्यांना वाटलं.

त्या दोन दिवसांतच रस्ता खोदणाऱ्यांनी टेलिफोनची तार तोडली. रविवार आला आणि दिपाचा फोन आला नाही. सोमवारी रतनसिंग तक्रार द्यायला हिंगोलीला गेले, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरले, आणि लाईनमन लग्नाला गेलाय एवढी खबर घेऊन रात्री परतले. लिंबाखाली नानीबाई त्यांची वाट बघत होती. तिने सांगितलं, आज टेम्पो घेऊन आले होते, भलीमोठी पेटी घेऊन, आणि लई चिवट होते. राहत नाही म्हटलं तरी जाईनात, कुठं गेले ते तरी सांगा म्हणत होते.

"मंग?"

"मंग पद्माबाईनं सांगितलं, गेले म्हून."

"कुठं गेले म्हून सांगितलं?"

"तेवढं न्हाई सांगितलं. तिनं नुसतं वर बगितलं आन् हात जोडले."

रतनसिंगांना त्या रात्री पेटीचं कोडं सुटलं नाही. ते बुधवारी सकाळी सुटलं. हातपंपावर ते बादली भरत होते, तोच रस्त्याकडून रडण्याचा आवाज आला. केस सुटलेली, एका हातात बॅग, एका हाताला निलम, अशी दिपा लिंबापाशी उभी होती आणि नानीबाई तिला पोटाशी धरून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती. दिपाची नजर वर गेली. भरलेली बादली घेऊन बाप समोर उभा. ती धावत आली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारत सुटली. पाच मिनिटं ती नुसतं "बापू, तुमी" एवढंच म्हणत होती.

सगळं हळूहळू बाहेर आलं. फ्रीज तिने पुण्याहून पैसे भरून पाठवला होता. हिंगोलीतल्या दुकानाच्या माणसाने कळवलं, ते गृहस्थ वारले असं शेजारी सांगतात. फोन लावला तर लागेना. मिळेल त्या गाडीने ती निघाली.

"फ्रीज काहून पाठवला? मी आणूनच राहिलो व्हतो."

दिपाने डोळे पुसले आणि दुसरीकडे पाहिलं. "यंदा यायचं जमत नव्हतं बापू. सुट्टी न्हाई. म्हटलं, निदान फ्रीज तरी जाऊ द्या."

रतनसिंगांनी मान हलवली. मग त्यांनी कंबरेची किल्ली काढून जादा खोलीचं कुलूप उघडलं.

दोघी चार दिवस राहिल्या. लाईट बहुतेक वेळ नव्हतीच. माठाला ओलं फडकं गुंडाळून तो ओट्याच्या सावलीला ठेवला. दूध नासायची सवड कोणी दिली नाही. नानीबाई पहाटे शेळीजवळ निलमला बसवायची आणि तिथंच पेला भरायची. फारुकने सायकलला पोतं बांधून भुशातली बर्फाची लादी आणली, आणि अर्धी वाटेतच वितळली म्हणून उरलेल्या अर्धीचीही माफी मागत राहिला. रतनसिंगांनी प्रत्येक जेवण पुकारलं. "वरण-बट्टी फलाटावर लागत आहे." निलम धावत येऊन ताटावर बसायची. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच पुकारायला लागली, आणि शेळी गोंधळून दोघांकडे बघायला लागली.

पाचव्या सकाळी त्यांनी दोघींना हिंगोलीच्या स्टँडवर आणलं. चौकशीच्या खिडकीतल्या नव्या माणसाने आदराने माईक पुढे केला. राठोड साहेब, पुण्याची तुम्हीच पुकारा. रतनसिंगांनी हात मागे घेतला. आपण पुकारली नाही तर गाडी सुटणार नाही, असं त्यांना क्षणभर खरंच वाटलं होतं. गाडी सुटली. मागच्या काचेतून निलम हात हलवत होती. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज तेवढा बराच वेळ येत राहिला.

फोन सुरू झाला तेव्हा पहिला दिपाचाच आला. फ्रीज परत पाठवतेय, बुधवारी येईल, तांड्यात सगळ्यांना नीट सांगून ठेवा. आणि पुढच्या वर्षी नक्की बघू. रतनसिंगांनी बरं म्हटलं, आणि लिंबाखाली जाऊन नानीबाईला सांगून ठेवलं. ती म्हणाली, येऊ दे, मी स्वतः घर दाखवीन.

बुधवारी दोघं लिंबाखाली बसले होते. तोच टेम्पो, तोच ड्रायव्हर, तीच पेटी. ड्रायव्हर वैतागलेलाच उतरला. "मावशी, आता तरी सांगा. रतनसिंग राठोड कुठं राहतात?"

नानीबाईने गुडघ्यावर हात टेकले आणि घर दाखवायला उठू लागली.

रतनसिंगांनी घसा साफ केला. "कोन रतनसिंग?" ते म्हणाले, खिडकीत बसून म्हणायचे तशा स्वच्छ, भरल्या आवाजात.

नानीबाई अर्ध्यात थांबली. तिने भावाकडे पाहिलं. मग ती पुन्हा खाली बसली, ओढणी डोक्यावर नीट केली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "मागं सांगितलं नव्हतं का बाबा तुला?"

टेम्पो वळला. त्याची धूळ बाभळींवर बसली.

"आता फोन येईल तिचा," नानीबाई म्हणाली.

"येईल. लई रागवंल."

"आन् मंग?"

"फोनवर पुरतं रागवता येत न्हाई, बाई. त्याला समोर यावं लागतंय."

ते उठले, तांड्यातून चालत आपल्या टोकाला गेले. वाटेत कुणालाच रामराम घातला नाही, तरी तीन ओट्यांवरून त्यांना तो आला. घरी पोचून त्यांनी जादा खोलीचं कुलूप काढलं आणि केरसुणी हातात घेतली. दारातल्या शेळीने मान वर केली.

"पुण्याहून येणारी गाडी," रतनसिंग तिला म्हणाले, आणि थांबले. फलाट झाडून तयार होता. वेळ त्यांना ठाऊक नव्हती, आणि ठाऊक नसलेली वेळ त्यांनी कधी पुकारली नव्हती.